न दाबलेला चौकोन

मी नोकरीत काय करते हे पाहुण्यांनी विचारलं की बाबा सांगतात, "कम्प्युटरमध्ये आहे." आई मात्र नेमकं सांगायची. "कम्प्युटरचं पोट भरलं की कोणाले ठेवायचं अन् कोणाले बाहेर काढायचं, थे आमची पोट्टी ठरवते." हे तिनं माझ्याकडूनच ऐकलं होतं आणि तिला ते फार आवडलं होतं. खरं सांगते, याहून सोपं मलाही सांगता येत नाही. ॲपला लागणाऱ्या फायली दूर कुठल्यातरी सर्व्हरवर असतात. दर वेळी तिथून आणायच्या तर वेळ जातो. म्हणून एकदा आणलेली फाइल आपल्याच डिस्कवर ठेवून द्यायची, पुन्हा लागली की हाताशी. त्या हाताशी ठेवलेल्या ढिगाला कॅश म्हणतात. स्वयंपाकघरातला फोडणीचा डबा समजा. वरच्या फळीवर पोतंभर सामान असलं तरी रोजची मोहरी-हळद जवळ लागते. पण डबा लहान, म्हणून काय ठेवायचं आणि काय काढायचं याचे नियम करावे लागतात, आणि ते नियम मी लिहिते. कंपनी पुण्याची, मी नागपूरची, मानेवाड्यातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत बसून लिहिते.

आई "सांगायची" असं लिहिलं, कारण मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात तिला लकवा मारला. पाय परत आला, हात अर्धामुर्धा आला, बोलणं आलं नाही. डॉक्टर म्हणाले, तिला सगळं समजतं, शब्दही आत आहेत, पण तोंडापर्यंत यायचा रस्ता बंद झालाय. उरले दोन शब्द, "हाव" आणि "नाई", आणि तेही एकमेकांच्या जागी यायचे. चहा पाहिजे का विचारलं की "नाई" म्हणायची आणि कप ओढून घ्यायची. म्हणून आम्ही तिच्या तोंडाकडे बघायचं सोडून मानेकडे बघायला शिकलो. मान कधी चुकली नाही.

आणि हे नेमकं तिच्याच वाट्याला यावं याचा मला अजूनही राग येतो. आमच्या अख्ख्या लेआउटमध्ये, म्हणजे कॉलनीत, तिच्याइतकं बोलणारं कोणी नव्हतं. कोणाची सून कुठे लागली, कोणाचं लोणचं बिघडलं, कोणाच्या घरी पाहुणे येऊन अजून गेले नाहीत, सगळं तिच्याकडे. मी मीटिंगमध्ये असले तरी दारातून दोन वाक्यं बोलूनच पुढे जायची. पुण्याची माणसं तिला चेहऱ्यानं ओळखत नव्हती, आवाजानं ओळखायची.

स्पीच थेरपीवाल्या मॅडम घरी यायच्या. त्यांनी एक ॲप सुचवलं. टॅबवर चित्रांचे चौकोन, चित्र दाबलं की आवाज येतो. पाण्याचा पेला दाबला. आतून एक बाई बोलली, "मला तहान लागली आहे. कृपया पाणी द्या." आईनं टॅबकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि टॅब पलंगावर पालथा घातला. नरखेड तालुक्यातली बाई ती, सगळा जन्म कोणाला कृपया म्हणाली नव्हती.

मग मीच ॲप लिहायला घेतलं. शब्द तिचे, तिच्या बोलीतले. पहिल्यांदा आवाज दिला बाबांनी, कारण त्यांना हौस फार. "मले भूक लागली" हे बाबांच्या घोगऱ्या आवाजात ऐकून आई इतकी हसली की ठसका लागला, पण तो चौकोन तिनं पुन्हा दाबला नाही. मग मी बोलले. आमचे आवाज सारखेच. माझा मामा फोनवर मला ताई समजून पाच-दहा वाक्यं बोलून जायचा आणि मग म्हणायचा, "अवं, तू आहेस होय." माझा आवाज आईनं ठेवून घेतला. "अवं, पंखा कमी कर." "मले नाई पाह्यजे म्हटलं ना." "तुमचं आपलं काहीतरीच." हे शेवटचं खास बाबांसाठी. मॅडमनी सांगितलं होतं, चौकोन दाबायचा, ऐकायचं, आणि तोच शब्द आपण म्हणून बघायचा. आई रोज बसायची. ओठ बरोबर आकार घ्यायचे, आवाज भलताच निघायचा. चिडून ती टॅब ढकलून द्यायची आणि थोड्या वेळानं स्वतःच ओढून घ्यायची.

टॅब होता बाबांचा जुना, त्यात जागा नावाला. त्यातही बाबांनी जमवलेले सुप्रभातचे फोटो. ते म्हणे पुसायचे नाहीत, त्यांचा जीव त्यात. म्हणून मी आईच्या शब्दांना मर्यादा घातली. आवाजाच्या फायली सर्व्हरवर. चौकोन पहिल्यांदा दाबला की त्याची फाइल येऊन डिस्कवर बसणार. जागा भरली की ज्या शब्दाला सर्वांत जास्त काळ हात लागला नाही, तो आधी जाणार. पुन्हा दाबला तर पुन्हा येईल, थोडं थांबावं लागेल इतकंच. ऑफिसात हे मी डोळे मिटून लिहिते.

पण ऑफिसातला ढीग परक्यांचा असतो. इथे मी टॅब उघडून बघायची तर माझ्या आईचे महिने समोर. पहिल्या काही महिन्यांत डिस्कवर राहिलं काय, तर पाणी, दुखते, झोपते, नको. चिडवायचं, भांडायचं, विचारपूस करायचं सगळं एकेक करून निघून गेलेलं. नियम अगदी बरोबर चालत होता, आणि मला रडू आलं. एवढ्या बोलघेवड्या बाईचे एवढेच शब्द उरावेत हे मला सहन होईना.

मग हिवाळ्यात एका सकाळी फाटकाशी भाजीची गाडी थांबली. आई टॅब छातीशी धरून एकटीच बाहेर गेली. मी खिडकीतून बघत होते. तिनं चौकोन शोधला, दाबला, आणि स्क्रीनवर गोल फिरायला लागलं, कारण तो शब्द डिस्कवरून केव्हाच गेला होता. भाजीवाला वजनकाटा हातात धरून थांबला. बऱ्याच वेळानं माझा आवाज निघाला, "काहून गा, मेथीले सोनं लावलं का?" तो माणूस क्षणभर टॅबकडे बघतच राहिला आणि मग म्हणाला, "काकू, किती दिवसांनी भांडल्या तुम्ही." त्यानं जुडीवर कोथिंबीर ठेवली. दुसऱ्या दिवशी तिनं तोच चौकोन पुन्हा दाबला. या वेळी गोल फिरलं नाही. त्यानंतर तिचे शब्द हळूहळू परत यायला लागले, आणि मला मर्यादा वाढवावी लागली. बाबांचे सुप्रभात मी न विचारता पुसून टाकले. त्यांना अजून कळलेलं नाही.

तरी ती फाटकाच्या पलीकडे जात नव्हती. लग्न नाही, हळदीकुंकू नाही. भाजीवाला चालेल, पण चार माणसांत यंत्र दाबून बोलायचं तिला नको होतं.

असं सगळं चाललेलं असताना मामाला मुलगा झाला. मामा म्हणजे आईचा सगळ्यांत धाकटा भाऊ, आई सगळ्यांत मोठी. तिकडे नरखेडकडे त्याचा संत्र्या-मोसंबीचा बगीचा, बगीच्यातच घर. लग्नाला किती वर्षं होऊन गेली होती, आम्ही सगळ्यांनी विचारायचंसुद्धा सोडलं होतं. मामी नागपूरच्या दवाखान्यात यायची तेव्हा आमच्याकडे उतरायची. आई तिच्या केसांना तेल लावायची आणि एक शब्द त्या विषयावर काढायची नाही. आता लेकरू झालं, धडधाकट, रडकं.

मामा आमंत्रणाला स्वतः आला. एसटीतून संत्र्यांची पिशवी मांडीवर घेऊन आला आणि सरळ आईच्या पलंगावर बसला. म्हणाला, "ताई, सव्वा महिन्यानं बारसं करून राहिलो. नाव तुलेच ठेवायचं आहे."

आमच्या आईच्या माहेरची रीत अशी, की नाव आत्यानंच निवडायचं आणि आत्यानंच बाळाच्या कानात सांगायचं. आईबापालाही आधी ठाऊक नसतं. नाव पहिल्यांदा पडायचं ते बाळाच्या कानात, त्याआधी ते हवेत जाता कामा नये. माझ्या वेळीही बाबांच्या बहिणीकडून आईनं हे सगळं करवून घेतलं होतं असं म्हणतात.

आईनं आपल्या तोंडाकडे बोट केलं आणि भिंतीकडे वळली.

बाबा हळूच म्हणाले, "अहो, तुमची चुलत बहीण आहे ना. ती ठेवेल. उगीच लोकांत हिला..."

मामा रागावला की त्याचा आवाज खाली जातो. "जावईबुवा, त्याची आत्या हे आहे. दुसरीनं कायले ठेवायचं? ताई नाई आली तं राहू दे माझं पोट्टं बिननावाचं." मग तो संत्री सोलायला लागला. एकेक फोड करून आईच्या डाव्या हातात देत राहिला. ती भिंतीकडे तोंड करूनच खात होती. सगळं संत्रं संपल्यावर त्यानं विचारलं, "येतं ना?"

आई म्हणाली, "हाव." मान मात्र साफ नाही म्हणत होती.

"झालं तं. हाव म्हणली," असं म्हणून मामा उठला, चपला घातल्या आणि बसस्टँडकडे निघालासुद्धा. मानेचं गणित त्याला चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी मीटिंगमध्ये होते. आई आत आली आणि तिनं टॅब माझ्या कीबोर्डवर ठेवला. मी ॲपच्या प्रत्येक पानावर शेवटचा एक चौकोन रिकामा सोडला होता, नवा शब्द लागला तर घालायला. त्या रिकाम्या चौकोनावर तिनं बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मी कॅमेरा बंद केला. पुण्याला काय सांगितलं ते आठवत नाही.

नाव तिच्या मनात ठरलेलंच होतं, फक्त ते माझ्यापर्यंत यायला तीन-चार दिवस गेले. आम्ही ते कसं शोधलं हे सांगितलं तर नाव कळेल, म्हणून सांगत नाही. खिडकी लागली, देवघर लागलं, माझं बालवाडीतलं पुस्तक माळ्यावरून काढावं लागलं, इतकंच. मी चुकीचं काही बोलले की ती कपाळाला हात लावायची, जणू मीच मुकी झाले होते. शेवटी एकदा मी बरोबर ओळखलं आणि तिनं माझ्या तोंडावर पटकन तळहात दाबला. पुढे बोलू नको. मग दोघी हसायला लागलो, हात तसाच तोंडावर.

पण रेकॉर्ड करायचं तर नाव उच्चारावं लागणारच. आईनं बराच विचार केला आणि एक बोट वर केलं. एकदाच. बाबांना दूध आणायला पिटाळलं, कारण त्यांच्या पोटात काही राहत नाही. स्वयंपाकघराची खिडकी लावली. मी फोन ओठांशी धरून कुजबुजले, एकदाच. फाइल सर्व्हरवर चढवली, त्या चौकोनात पाळण्याचं चित्र घातलं, खाली नाव लिहिलं नाही. फोनमधलं रेकॉर्डिंग आईनं मला तिच्यासमोर पुसायला लावलं. आता ते नाव जगात एकाच ठिकाणी होतं.

मामाच्या बगीच्यात नेटवर्क नसतं हे मला माहीत होतं. माझं कामच ते. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मी टॅब घेऊन बसले आणि सगळे चौकोन एकेक करून दाबले, म्हणजे सगळ्या फायली डिस्कवर उतरतील आणि तिथे आईचं काही अडणार नाही. "मले चहा." "कशी आहेस वं?" "लय बारीक झाली तू." आई शेजारी बसून ऐकत होती. पाळण्याच्या चौकोनापाशी माझं बोट आलं तसा तिनं त्यावर हात ठेवला. मी म्हटलं, हाव माय, तो नाही दाबत. आणि पुढच्या चौकोनाकडे गेले.

दुसऱ्या दिवशी काटोलवरून आम्ही गाडीनं गेलो. आईनं काठापदराचं लुगडं नेसलं होतं, टॅब शालीत गुंडाळून मांडीवर. सगळी वाट ती बाहेर बघत होती आणि डाव्या हातानं माझं मनगट धरून होती. हात गार होता. मला तिची भीती कळत होती. तिला नुसतं बारसं पार पाडायचं नव्हतं. भावाच्या लेकराची आत्या म्हणून सगळ्यांत पुढे बसायचं होतं, आणि तिथे आपलं हसं होऊ नये एवढंच तिला पाहिजे होतं.

घर बायकांनी भरलं होतं. हॉलमध्ये पाळणा टांगलेला. आधी वरवंट्याला झबलं-टोपडं घालून पाळण्याच्या वरून खालून फिरवलं, मग बाळाला. मग मामीनं बाळ पाळण्यात ठेवलं आणि सगळ्या आईकडे वळल्या. आत्या कानात नाव सांगते तेव्हा बायका तिच्या पाठीत हळूच थापट्या मारतात. चार-पाच हात आधीच तयार होऊन आईच्या पाठीवर आले होते. आई वाकली. टॅब बाळाच्या कानाशी धरला आणि पाळण्याचा चौकोन दाबला.

आवाज आला नाही. स्क्रीनवर गोल फिरायला लागलं.

तिनं पुन्हा दाबलं. गोल फिरतच होतं. मला एका क्षणात सगळं कळलं. फाइल पहिल्यांदा दाबल्यावर डिस्कवर येते. हा चौकोन कोणी कधी दाबलाच नव्हता. कसा दाबणार? पुण्यातल्या कोणत्याही टेस्टरनं तो आधी दाबून पाहिला असता. आमच्याकडच्या कोणी दाबला नसता.

"सांगा ना आत्याबाई," मागून कोणीतरी म्हणालं. आईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं.

मी तिच्याजवळ बसून कानात म्हटलं, "मी मागच्या दारी जाऊन फोनमध्ये पुन्हा बोलून आणते." तिनं एक बोट वर केलं. एकदाच म्हटलं होतं, ते एकदा झालं होतं. तेवढ्यात बाबांनी सुचवली होती ती चुलत मावशी पुढे आली, चांगल्या मनानंच आली, म्हणाली, "बाई, मले सांग हळूच. मी सांगून देते लेकराले. कायले त्रास करून घेतं?"

आईनं पाळण्याची दोरी आपल्या हाताला गुंडाळली. "नाई," ती म्हणाली. त्या दिवशी तोंड आणि मान एकच बोलली.

मामा दारात उभा होता, नवा कुर्ता, कपाळाला गंध. त्यानं मला इतकंच विचारलं, "नेटवर्क लागते का त्याले?"

"लागते."

"फाट्यावर भेटते. चाल."

मी टॅब घेतला आणि त्याच्या मोटरसायकलवर मागे बसले. बगीच्यातून जाणारा रस्ता कच्चा, दोन्हीकडे झाडं फुलावर आलेली. मामा गाडी हाकता हाकता मागे न बघता बोलत होता. "तुले माहीत आहे का, मी बोलतच नव्हतो. मोठा झालो तरी बोलत नव्हतो. लोक म्हणत, हे पोट्टं मुकंच निघालं. ताई मले कडेवर घेऊन फिरे. विहीर दाखवे, विहीर म्हणे. बकरी दाखवे, बकरी म्हणे. मी नाई बोललो तरी थकली नाई. शाळेत घेऊन बसे मले. मले बोलायले तिनं शिकवलं." मग गाडी खड्ड्यात आपटली आणि त्यानं हँडल घट्ट धरलं.

फाट्यावर एसटीच्या थांब्याशी उभं राहिल्यावर टॅबला रेंज आली. आता चौकोन दाबायला हवा होता, त्याशिवाय फाइल उतरणार नव्हती, आणि दाबला की नाव वाजणार. मी आवाज शून्यावर नेला. मामाला म्हटलं, ऐकू येणार नाही, काळजी नको. तरी तो पाठ करून उभा राहिला आणि त्यानं दोन्ही कानांत बोटं घातली. "नको बापा," म्हणाला. "पहिलं त्याले ऐकू दे."

मी दाबलं. गोल फिरलं, थांबलं. मुकाट्यानं नाव वाजून गेलं. खात्री करायला मी टॅबचं नेट बंद केलं आणि पुन्हा दाबलं. शब्द वाजताना होतो तसा चौकोन लगेच हिरवा झाला. डिस्कवर आलं होतं. मामा अजून कानांत बोटं घालून मोसंबीच्या झाडांकडे बघत उभा होता, चांगला पन्नाशीला आलेला माणूस. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा त्यानं बोटं काढली.

परत आलो तर बायकांच्या घुगऱ्या खाऊन झाल्या होत्या. मामीनं बाळाला पाजून पुन्हा पाळण्यात ठेवलं होतं. आई जिथे होती तिथेच होती, दोरी हाताला गुंडाळलेली. बाबा तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते, कोणाला जवळ येऊ न देता. मी टॅब तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "आता येते." आवाज मी अगदी कमी ठेवला होता, एका कानापुरता.

ती पुन्हा वाकली. पुन्हा हात पाठीवर आले, थापट्या सुरू झाल्या. तिनं चौकोन दाबला. आम्हाला कोणालाच काही ऐकू आलं नाही. बाळानं डोळे मोठे केले आणि हातपाय हलवायचं थांबवलं. ती तशीच वाकून राहिली, गाल बाळाच्या गालाजवळ.

ती सरळ झाली तेव्हा बायकांनी विचारलं, "काय ठेवलं नाव?" आता चौकोन पुन्हा दाबायचा, मोठ्यानं, म्हणजे सगळ्यांना कळेल, असं आमचं ठरलेलं. मी आवाज वाढवायला हात पुढे केला. तिनं माझा हात बाजूला केला. रोज सकाळी मॅडमच्या सांगण्याप्रमाणे बसायची तशी ताठ बसली. ओठांनी आकार घेतला. मी मनात म्हणत होते, नको आई, लोकांत नको. आणि तिच्या तोंडून नावाचं पहिलं अक्षर आलं. स्वच्छ, बरोबर, तिच्या आवाजात. तिचा आवाज मी विसरत चालले होते, हे मला तो ऐकल्यावर कळलं.

पुढची अक्षरं आली नाहीत. तिनं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेवढंच. कोणी हललं नाही, कोणी मदत केली नाही. तिसऱ्यांदाही तेवढंच आलं आणि मग तिनंच आवाज वाढवून चौकोन दाबला. माझ्या आवाजात पूर्ण नाव घरभर गेलं. बायकांनी ते म्हटलं, मामीनं म्हटलं. मामानं नाही म्हटलं. तो सगळ्यांसमोर, लहान मुलासारखा, रडत होता.

नागपूरला आल्या आल्या मी नियम बदलला. आता नवा शब्द घातला की तो कोणी दाबायची वाट न बघता डिस्कवर उतरतो. आईला हे समजावून सांगितलं तर तिनं मला "तुमचं आपलं काहीतरीच"चा चौकोन दाबून दाखवला.

बाळाचं पूर्ण नाव दाखल्यावर आहे, आधार कार्डावर येईल, शाळेत लागेल. पण मामा त्या दिवसापासून त्याला त्या एका अक्षरानंच हाक मारतो. मग मामी मारायला लागली, मग शेजारपाजारचे. आम्हीही तेच म्हणतो. रविवारी मामा फाट्यावर येऊन व्हिडिओ कॉल लावतो, लेकरू पुढे धरतो, आणि आई टॅब बाजूला ठेवून त्याला हाक मारते. ते मान वळवतं. घरात आता त्याचं नाव तेवढंच आहे, आईला म्हणता येतं तेवढं.